खोलवर गुंफलेले वेबपृष्ठ-घटक आणि ब्राउझरची कार्यपद्धती : वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणाद्वारे एक विवेचन

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता शोभेची बाब राहिलेली नाही. प्रवेशाची गुणवत्ता यादी, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीची सूचना, ग्रंथालयाची माहिती आणि मूल्यांकनासाठी लागणारे अहवाल या सर्वांचे ते अधिकृत स्थान बनले आहे. वाशिम जिल्ह्यासारख्या प्रामुख्याने ग्रामीण भागात रिसोड, मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील विद्यार्थी ही माहिती बहुधा साध्या मोबाईलवर पाहतो. संकेतस्थळ तयार करणारी व्यक्ती मात्र ते कार्यालयातील मोठ्या पडद्याच्या संगणकावर तपासते. या दोघांना दिसणारे पान एकच असेल, असे गृहीत धरले जाते. ते गृहीतक नेहमी खरे ठरत नाही.

ते खोटे ठरण्याचे एक कारण म्हणजे पानातील घटकांची अतिरिक्त खोल गुंफण होय. एका घटकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी उतरंड शेकडो पातळ्यांपर्यंत गेल्यास ब्राउझर काय करतो, तो पान नाकारतो की स्वीकारतो, स्वीकारताना कोणती तडजोड करतो आणि त्या तडजोडीची किंमत कोण चुकवतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संगणकशास्त्राशी थेट संबंध नसलेल्या, परंतु संकेतस्थळाची जबाबदारी ज्यांच्याकडे येऊ शकते अशा प्राध्यापकांनाही विषय समजावा, या हेतूने उदाहरणे जिल्ह्याच्या परिचित रचनेतून घेतली आहेत.

१. दस्तऐवज हा एक वृक्ष :

वेबपृष्ठ ज्या एचटीएमएल भाषेत लिहिले जाते, तिच्यात मजकुराभोवती खुणा असतात. या खुणांना टॅग म्हणतात. उघडणारा टॅग आणि मिटवणारा टॅग यांच्यामध्ये जे येते, तो एक घटक होय. परिच्छेद, यादी, तक्ता, दुवा हे सर्व घटकच आहेत. ‘डिव्ह’ नावाचा घटक स्वतः कोणताही अर्थ सांगत नाही. तो केवळ इतर घटकांना एकत्र ठेवणारे वेष्टन असतो.

ब्राउझर हा मजकूर वाचून आपल्या स्मृतीत एक वृक्ष तयार करतो. त्याला डॉम, म्हणजे दस्तऐवजाचे वस्तुरूप प्रारूप, म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने त्याचे पहिले प्रमाण ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. या वृक्षात प्रत्येक घटकाला एकच पालक असतो. अपत्ये मात्र कितीही असू शकतात. एखाद्या घटकापासून मुळापर्यंत जाताना जितके टप्पे लागतात, ती त्या घटकाची खोली होय.

प्रशासकीय रचना हे अशा वृक्षाचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र राज्य, त्यात अमरावती विभाग, त्यात वाशिम जिल्हा, त्यात मानोरा तालुका आणि त्यात पोहरादेवी हे गाव, अशी ही उतरंड आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके एकाच जिल्ह्याची अपत्ये म्हणून परस्परांची भावंडे ठरतात. तालुक्यांची संख्या वाढली तर वृक्षाची रुंदी वाढेल, खोली वाढणार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा गावे जागची हलली नाहीत. वृक्षातील त्यांचा पूर्वज तेवढा बदलला. ब्राउझरच्या वृक्षातही घटकाचा पालक असाच बदलू शकतो. पुढील विवेचनासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

२. उघड्या घटकांची चळत :

मजकूर वाचून वृक्ष बांधणाऱ्या ब्राउझरच्या भागाला पार्सर म्हणतात. पार्सर मजकूर आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचतो. घटक उघडला की त्याची नोंद तो एका चळतीवर ठेवतो आणि घटक मिटला की ती नोंद काढून घेतो. जेवणाच्या ताटांच्या चळतीप्रमाणे येथेही सर्वांत वरची नोंद प्रथम निघते. नवा घटक आला की तो चळतीच्या माथ्यावर असलेल्या घटकाचे अपत्य होतो. साहजिकच मिटवणारा टॅग राहून गेला, तर मागील घटक चळतीवर तसाच राहतो आणि पुढील सर्व मजकूर त्याच्या पोटात जातो.

उदाहरणार्थ, सहा तालुक्यांची माहिती देणाऱ्या पानात प्रत्येक तालुक्यासाठी एक ‘डिव्ह’ उघडला, परंतु एकही मिटवला नाही, असे समजू. पार्सरच्या दृष्टीने रिसोड हा वाशिम तालुक्याच्या आत, मालेगाव रिसोडच्या आत, मंगरूळपीर मालेगावच्या आत, कारंजा मंगरूळपीरच्या आत आणि मानोरा कारंजाच्या आत जातो. जे सहा भावंडे म्हणून अभिप्रेत होते, ते सहा पिढ्यांचे वंशज होतात. पडद्यावर मात्र सहाही नावे एकाखाली एक दिसतात. त्यामुळे पान तयार करणाऱ्यास काही बिघडले आहे, अशी शंकाही येत नाही.

सर्व घटकांबाबत असे घडत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. परिच्छेदात नवा परिच्छेद सुरू झाला की पार्सर जुना परिच्छेद स्वतःच मिटवतो. यादीतील बाब, तक्त्यातील ओळ आणि रकाना यांनाही हाच नियम लागू होतो. म्हणून या घटकांचे मिटवणारे टॅग राहून गेल्याने सहसा खोली वाढत नाही. ‘डिव्ह’ व ‘स्पॅन’ यांच्यासाठी अशी सोय नाही, कारण एका वेष्टनात दुसरे वेष्टन असणे पूर्णपणे वैध आहे. लेखकाला गुंफण हवी होती की टॅग विसरला गेला, हे पार्सरला कळण्याचा मार्ग नसतो.

३. ब्राउझर चुका का सोसतो :

संगणकाच्या बहुतेक भाषांमध्ये एक कंस राहिला तरी आज्ञावली चालत नाही. एचटीएमएलच्या बाबतीत असे का होत नाही, याचे उत्तर इतिहासात सापडते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यानंतर वेबचा प्रसार झाला तो संगणकतज्ज्ञ नसलेल्या लोकांनी हाताने लिहिलेल्या पानांमधून. चुकीचे पान न दाखवणारा ब्राउझर वापरकर्त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला असता. त्यामुळे प्रत्येक ब्राउझरने आपापल्या पद्धतीने चुका सावरून घेतल्या. एकच सदोष पान निरनिराळ्या ब्राउझरमध्ये निरनिराळे वृक्ष निर्माण करी. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर चुकीच्या गुंफणीमुळे तयार होणारी रचना काटेकोर अर्थाने वृक्षही राहत नसे.

जानेवारी २००० मध्ये एक्सएचटीएमएल १.० हे कठोर प्रमाण आले. एक्सएमएलच्या नियमांनुसार वाचलेल्या पानात पहिली चूक सापडताच वाचन थांबवणे त्यात अपेक्षित होते. ही शिस्त तात्त्विकदृष्ट्या योग्य असली, तरी वेबवरील कोट्यवधी पाने तिच्यात बसणारी नव्हती. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने व्हॉटडब्ल्यूजी हा गट स्थापन झाला व त्याने वेगळा मार्ग स्वीकारला. चूक करू नका, एवढे सांगून न थांबता, चूक झाल्यास प्रत्येक ब्राउझरने नेमके काय करावे, हे त्याने पायरीपायरीने लिहून काढले. यातूनच विकसित झालेले एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची शिफारस झाले आणि २०१९ मध्ये दोन्ही संस्थांनी एकच सामाईक प्रमाण राखण्याचा करार केला.

या प्रमाणात जवळपास प्रत्येक चुकीचे उत्तर आहे. खोलीबाबत मात्र निश्चित आकडा घालून दिलेला नव्हता. स्मृती अपुरी पडू नये किंवा हेतुपुरस्सर केलेल्या हल्ल्यापासून बचाव व्हावा, यासाठी ब्राउझरने आपापल्या मर्यादा ठरवाव्यात, अशी मुभा दिली गेली. परिणामतः जेथे इतर बाबतींत ब्राउझर एकमताने वागू लागले, तेथे अतिखोल गुंफणीच्या बाबतीत फरक शिल्लक राहिला.

४. मर्यादा कशासाठी व किती :

वृक्षावर काम करण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे रिकर्शन. एखाद्या घटकाचे काम करताना तेच कार्य त्याच्या अपत्यासाठी पुन्हा सुरू करायचे, अपत्यासाठी करताना नातवासाठी सुरू करायचे आणि तळाशी पोहोचल्यावर एकेक करून परत फिरायचे. परतण्यासाठी अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामाची नोंद संगणकाला राखावी लागते. या नोंदींसाठी राखून ठेवलेली स्मृती मर्यादित असते. विंडोज प्रणालीत आज्ञावली तयार करणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल, तर ती १ मेगाबाइट असते. एका पातळीच्या नोंदीस ४ किलोबाइट लागतात असे गृहीत धरले, तर ही जागा २५६ पातळ्यांतच संपते. जागा संपली की ब्राउझरची प्रक्रिया कोसळते आणि त्या पानासोबत वापरकर्त्याचे अर्धवट भरलेले अर्जही नाहीसे होऊ शकतात. पान अचूक दाखवण्यापेक्षा ब्राउझर जिवंत राहणे अधिक महत्त्वाचे, या विचारातून खोलीला मर्यादा घातली गेली.

सफारीचे वेबकिट आणि त्यापासून २०१३ मध्ये वेगळे झालेले, क्रोममध्ये वापरले जाणारे ब्लिंक या दोन्ही इंजिनांच्या पार्सरमध्ये ही मर्यादा ५१२ पातळ्यांची ठेवण्यात आली. तिची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मर्यादा ओलांडल्यावर पार्सर घटक टाकून देत नाही. तो नव्या घटकाला चालू घटकाच्या पोटात न घालता त्याच्या पालकाला जोडतो. म्हणजे जो घटक अपत्य व्हायचा, तो भावंड होतो. पुढचाही भावंड, त्यापुढचाही भावंड. वृक्ष खाली वाढण्याचे थांबतो आणि आडवा पसरू लागतो. मजकूर शिल्लक राहतो. त्याचे नाते हरवते.

फायरफॉक्सच्या गेको इंजिनात दीर्घकाळ वेगळी व्यवस्था होती. तेथे पडद्यावरील मांडणीच्या खोलीवर २०० पातळ्यांची मर्यादा होती आणि तिच्या पलीकडील मजकूर वृक्षात असूनही पडद्यावर येत नसे. एकाच पानातील एकच वाक्य एका ब्राउझरमध्ये दिसे व दुसऱ्यात दिसत नसे, असा याचा अर्थ होतो. दोन्ही पद्धती ब्राउझरला कोसळण्यापासून वाचवतात. परंतु एकीत रचना जाते, तर दुसरीत मजकूरच जातो.

अशा मर्यादा ब्राउझरपुरत्या नाहीत. अनेक सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या लिबएक्सएमएल२ या वाचन-संचात एक्सएमएल दस्तऐवजासाठी सामान्यतः २५६ पातळ्यांची मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास तो सरळ त्रुटी नोंदवतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारखे ज्ञानकोश ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतात, तिच्यात एका साच्यात दुसरा साचा घालण्याच्या खोलीवरही बंधन आहे. येथील फरक असा की, सर्व्हरवरील ही साधने मर्यादा ओलांडल्याचे लेखी सांगतात. ब्राउझर वाचकाला काहीही सांगत नाही.

५. सहाशे गावांची यादी :

कोणी हाताने ५१२ घटक एकात एक लिहीत नाही. तेव्हा ही मर्यादा केवळ पुस्तकी आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. प्रत्यक्षात अतिखोल गुंफण हाताने होत नाही, ती आवर्तनातून होते. माहितीसंचातील नोंदी एकेक करून छापणाऱ्या आज्ञावलीत एक मिटवणारा टॅग राहिला, तर ती चूक प्रत्येक फेरीत पुन्हा घडते. दहा नोंदींच्या चाचणीत ती कळत नाही. पूर्ण यादी टाकल्यावर तिचे स्वरूप बदलते.

समजा, जिल्ह्यातील ६०० गावांची यादी छापताना प्रत्येक गावासाठी एक ‘डिव्ह’ उघडला जातो आणि तो मिटवायचे राहून जाते. दस्तऐवजाचे मूळ व मुख्य भाग या दोन पातळ्या वगळता, सुमारे ५१० व्या गावापर्यंत प्रत्येक गाव आधीच्या गावाच्या पोटात जाईल. त्यापुढील गावे क्रोममध्ये एकमेकांची भावंडे म्हणून जोडली जातील. यादीचा पूर्वार्ध व उत्तरार्ध यांची रचना भिन्न होईल. एखाद्या गावावर टिचकी मारली असता त्याच्या पूर्वजाचा शोध घेऊन माहिती दाखवणारी आज्ञावली पूर्वार्धात एक उत्तर देईल आणि उत्तरार्धात दुसरे.

वाचकाच्या दृष्टीने मात्र ५१२ पर्यंत जाण्याचीही गरज नाही. प्रत्येक ‘डिव्ह’ला डाव्या बाजूने १० पिक्सेलची मोकळी जागा दिली असेल, तर प्रत्येक गाव मागील गावापेक्षा १० पिक्सेल उजवीकडे सरकते. मोबाईलच्या पडद्याची रुंदी ३६० पिक्सेल धरल्यास ३६ व्या गावापाशी मजकुराला जागाच उरत नाही. कार्यालयातील १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर हीच स्थिती १९२ व्या गावापाशी येते. जी यादी तपासणाऱ्यास केवळ किंचित तिरकी वाटते, ती विद्यार्थ्याच्या हातात वाचण्यायोग्य राहत नाही.

६. फॉन्टच्या टॅगचा मराठी वारसा :

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पदर आहे. युनिकोडचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. फॉन्ट बदलल्यामुळे ती देवनागरी दिसत. त्यामुळे मराठी मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती ‘फॉन्ट’ हा टॅग लावावा लागे आणि मध्ये एखादा इंग्रजी शब्द वा अंक आला की तो मिटवून पुन्हा उघडावा लागे. लेखन-साधनांतून तयार झालेल्या अशा पानांत न मिटलेले ‘फॉन्ट’ टॅग साचत जाणे स्वाभाविक होते. जुन्या पानांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना पुष्कळदा अक्षरे बदलतात, टॅग तसेच राहतात.

‘फॉन्ट’, ठळक किंवा तिरपे अक्षर हे स्वरूपदर्शक घटक होत. ते न मिटवता परिच्छेद संपला, तर लेखकाला पुढील परिच्छेदातही तेच स्वरूप हवे आहे असे मानून पार्सर ते घटक नव्या परिच्छेदात पुन्हा निर्माण करतो. २०० परिच्छेदांच्या पानात प्रत्येक परिच्छेदात एकसारखा एक ‘फॉन्ट’ उघडा राहिला, तर पहिल्या परिच्छेदात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत दोनशेव्यात २०० घटक तयार झाले असते. त्यांची बेरीज २०,१०० होते. हे टाळण्यासाठी एचटीएमएलच्या प्रमाणात ‘नोहाची नौका’ या नावाने ओळखले जाणारे कलम आहे. बायबलमधील कथेत नौकेवर प्राण्यांच्या जोड्या घेतल्या जातात. येथे एकसारखे तीन घटक स्मरणात ठेवण्याची मुभा आहे. चौथा आला की सर्वांत जुना वगळला जातो. त्यामुळे कोणत्याही परिच्छेदात असे चारांहून अधिक घटक एकात एक येत नाहीत आणि २०,१०० ऐवजी एकूण संख्या ७९४ वर थांबते. मात्र टॅगचे गुणधर्म भिन्न असतील, म्हणजे एकाचा आकार वेगळा, दुसऱ्याचा रंग वेगळा असेल, तर ते एकसारखे मानले जात नाहीत आणि या कलमाचे संरक्षण मिळत नाही.

याच्याशी संबंधित दुसरा नियम ‘दत्तक-संस्था’ या नावाने ओळखला जातो. ठळक अक्षराचा टॅग उघडला, त्यात परिच्छेद सुरू झाला आणि परिच्छेद मिटण्याआधीच ठळक अक्षराचा टॅग मिटला, तर दोन घटक एकमेकांना छेदतात. वृक्षात असे छेदन शक्य नसते. तेव्हा पार्सर परिच्छेदाला ठळक घटकाच्या पोटातून बाहेर काढून नव्या पालकाकडे सोपवतो व ठळकपणाची एक प्रत परिच्छेदाच्या आत ठेवतो. अकोला जिल्ह्यातील गावे वाशिम जिल्ह्याकडे गेली, तसाच हा पालकबदल होय. या प्रक्रियेच्या फेऱ्यांनाही मर्यादा आहे. एका मिटवणाऱ्या टॅगसाठी तिच्या बाह्य फेऱ्या आठपेक्षा जास्त होत नाहीत. गुंफण त्याहून गुंतागुंतीची असेल, तर ती पूर्णतः न सुटताच पार्सर पुढे जातो.

७. मर्यादेच्या अलीकडील किंमत :

पातळ्यांची संख्या ५१२ पेक्षा पुष्कळ कमी असली, तरी खोलीची किंमत मोजावी लागतेच. प्रथमतः मांडणीचा विचार करता, आतील घटकाची रुंदी ठरल्याशिवाय बाहेरील ठरत नाही आणि बाहेरील ठरल्याशिवाय आतील पक्की होत नाही, अशी स्थिती तक्त्यांमध्ये व लवचिक चौकटींमध्ये येते. तेव्हा आतील घटकाचे मोजमाप दोनदा करावे लागते. त्याच्या आत तशीच चौकट असेल, तर चारदा. त्याच्याही आत असेल, तर आठदा. दहा पातळ्यांना ही संख्या १,०२४ होते आणि वीस पातळ्यांना १०,४८,५७६. एकदा केलेले मोजमाप लक्षात ठेवून ही वाढ रोखता येते. क्रोमने २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आणलेल्या लेआउटएनजी या नव्या मांडणी-यंत्रणेचा एक प्रमुख हेतू हाच होता.

दुसरे म्हणजे, शैलीचे नियम लावताना ब्राउझर उजवीकडून डावीकडे पाहतो. ‘सूचनाफलकातील दुवा’ असा नियम असेल, तर तो प्रथम दुवा शोधतो आणि मग त्याच्या पूर्वजांत सूचनाफलक आहे का, हे पाहत वर चढतो. पूर्वज जितके अधिक, तितका शोध लांबतो. आधुनिक इंजिने पूर्वजांचा संक्षिप्त गोषवारा जवळ ठेवून हा शोध आवरतात. तरी तो शून्य होत नाही. तिसरे म्हणजे, एखाद्या दुव्यावर टिचकी मारल्यावर त्या घटनेची सूचना मुळापासून त्या घटकापर्यंत खाली येते व पुन्हा वर जाते. वाटेतील प्रत्येक पूर्वज हा तिचा थांबा असतो.

चौथी बाब अधिक महत्त्वाची आहे. ५१२ ची मर्यादा पार्सरची आहे. पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने एकेक करून जोडलेल्या घटकांना ती लागू होत नाही. आजची पुष्कळ पाने तयार घटकसंचांच्या साहाय्याने ब्राउझरमध्येच बांधली जातात आणि प्रत्येक संच आपले एकेक वेष्टन वाढवतो. तेथे पार्सरची सुरक्षा नसते. गुगलच्या लाइटहाउस या तपासणी-साधनाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये एकूण १,५०० घटक, ३२ पातळ्या किंवा एका पालकाची ६० अपत्ये ही इशाऱ्याची सीमा होती. ५१२ ही तग धरण्याची मर्यादा आहे, तर ३२ ही सुस्थितीची मर्यादा आहे, असे याचे तात्पर्य सांगता येईल.

८. न दिसणारा वाचक :

दृष्टिबाधित विद्यार्थी एनव्हीडीएसारख्या पडदा-वाचक साधनाद्वारे पान ऐकतो. त्याला पडद्यावरील मांडणीचा उपयोग नसतो; ब्राउझरने बांधलेला वृक्ष हेच त्याच्यासाठी पान असते. तालुक्यांच्या यादीत प्रत्येक तालुक्यातील संस्थांची उपयादी असेल आणि उपयादीचा मिटवणारा टॅग राहिला, तर रिसोड हा तालुका वाशिमच्या उपयादीतील एक संस्था म्हणून जोडला जातो. पुढे हेच घडत जाऊन मानोरा सहाव्या पातळीवर पोहोचतो. डोळस वाचक नावे पाहून चूक मनातल्या मनात दुरुस्त करतो. ऐकणाऱ्याला मात्र यादीत यादी अशी सहा पातळ्यांची घोषणा ऐकावी लागते व मानोरा हा स्वतंत्र तालुका आहे, हे त्या रचनेवरून कळत नाही.

वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या डिसेंबर २००८ मधील २.० आवृत्तीत टॅग पूर्ण असावेत आणि त्यांची गुंफण नियमानुसार असावी, असा स्वतंत्र निकष होता. ऑक्टोबर २०२३ मधील २.२ आवृत्तीत तो वगळण्यात आला. सहाय्यक साधने आता मूळ मजकूर स्वतः वाचत नाहीत, ती ब्राउझरच्या वृक्षावर विसंबतात आणि तो वृक्ष कसा बांधावा, हे प्रमाणित झाले आहे, हे त्यामागील कारण आहे. तथापि निकष गेला म्हणून जबाबदारी गेली, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सर्व ब्राउझर चुकीच्या मजकुरातून एकच वृक्ष बांधतात, एवढीच हमी आज मिळते. तो वृक्ष लेखकाला अभिप्रेत होता, याची हमी कोणीही देत नाही. उलट यादीचे नाते यादीसारखेच कळावे, ही अपेक्षा त्याच तत्त्वांतील अन्य निकषांत कायम आहे.

९. तपासणी व उपाय :

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. महाविद्यालयीन पातळीवर पुढील गोष्टी सहज करता येतात.

(१) ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर आणि विकासक-साधनांतील वृक्ष, हे दोन्ही पाहावेत. मूळ मजकुरात लेखकाने काय लिहिले ते दिसते. एफ १२ ही कळ दाबून उघडणाऱ्या साधनांत ब्राउझरला काय समजले ते दिसते. या दोहोंतील तफावत हाच निदानाचा आरंभ होय.

(२) वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमच्या निःशुल्क तपासणी-सेवेत पानाचा पत्ता द्यावा. न मिटलेल्या घटकांची नोंद तेथे ओळीच्या क्रमांकासह मिळते.

(३) माहितीसंचातून तयार होणारे पान दहा नोंदींवर न तपासता पूर्ण यादीवर तपासावे आणि ते लहान पडद्याच्या मोबाईलवर पाहावे.

(४) प्रत्येक घटकापासून मुळापर्यंतचे पालक मोजून त्यांतील कमाल संख्या काढणारी छोटी आज्ञावली विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. ६०० ‘डिव्ह’ एकात एक असलेले पान तयार करून ही संख्या निरनिराळ्या ब्राउझरमध्ये मोजल्यास वृक्ष, चळत आणि रिकर्शन या तिन्ही संकल्पना एकाच तासात प्रत्यक्ष दाखवता येतात.

(५) मांडणीसाठी तक्त्यात तक्ता घालण्याची जुनी पद्धत सोडावी. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये आलेल्या सीएसएस ग्रिडमुळे भावंड घटकांनाच हव्या त्या स्तंभांत बसवता येते. त्यासाठी वेष्टनांची गरज राहत नाही.

(६) जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ अक्षरे बदलून न थांबता जुने ‘फॉन्ट’ टॅग काढून टाकावेत.

समारोप :

खोल गुंफणीच्या बाबतीत ब्राउझरचे धोरण उदार आहे. तो पान नाकारत नाही, चुकीबद्दल तक्रार करत नाही, स्वतः कोसळू नये यासाठी एक सीमा आखतो आणि तिच्या पलीकडे निमूटपणे तडजोड करतो. वेब सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली, त्यात या उदारतेचा वाटा मोठा आहे. परंतु चूक दिसत नाही म्हणून ती दुरुस्त होत नाही आणि तिचा भार कमी क्षमतेचा मोबाईल वापरणाऱ्या, तसेच पान पाहण्याऐवजी ऐकणाऱ्या विद्यार्थ्यावर पडतो. वाशिमच्या यादीत मानोरा सहाव्या पिढीत गेला, तर ब्राउझर त्यास परत आणणार नाही. ते काम पान लिहिणाऱ्याचे व ते तपासणाऱ्याचे आहे. म्हणून पान उघडते, एवढ्यावर समाधान न मानता, ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत योग्य रचनेत पोहोचते का, ही कसोटी महाविद्यालयांनी आपल्या संकेतस्थळाला लावणे आवश्यक आहे.